पंधरा बाइटांत मावणारं जालना

लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसचं एक छोटं नाव कर्नल आपल्याजवळ ठेवतं. त्या नावासाठी जागा असते १६ बाइटांची. त्यातला एक बाइट ‘मजकूर इथे संपला’ हे सांगणाऱ्या शून्यासाठी राखीव, म्हणजे हातात उरतात १५. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, उकार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. ज, काना, ल, न, काना अशी पाच चिन्हं धरली की ‘जालना’ बरोबर १५ बाइटांत मावतं. याच जिल्ह्यातलं परतूरही मावतं. अंबड आणि मंठा बसून जागा उरते. भोकरदनचं मात्र ‘भोकरद’ होतं, बदनापूरचं ‘बदनाप’.

हे घरच्या संगणकावर करून पाहता येतं. ‘प्रॉक’ फोल्डरात प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर असतं आणि त्यात ‘कॉम’ नावाची फाइल. टर्मिनल उघडून आपल्याच शेलच्या कॉम फाइलीत ‘बदनापूर’ लिहा आणि लगेच ती फाइल वाचा. मग नावाआधी साधं टिंब टाकून पुन्हा लिहा. टिंबाने १ बाइट घेतला, पुढच्या चार चिन्हांनी १२ घेतले, राहिले २. प ला ३ हवे असतात, त्यामुळे पडद्यावर प ऐवजी मोडकं चिन्ह उमटतं. कर्नल इथे अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं.

मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून घेण्याचं हे काम कर्नलमध्ये अक्षरशः हजारो ठिकाणी चालतं. प्रत्येक ठिकाणी नव्याने कोड लिहिण्याऐवजी त्यासाठी हेल्पर फंक्शनं असतात. चार-पाच ओळींच्या या फंक्शनांपैकी एक काढून टाकायलाच कर्नलच्या लोकांना आठ वर्षांहून अधिक काळ लागला.

सगळ्यांत जुनं स्ट्रकॉपी. जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नाही; शून्य भेटेपर्यंत ते लिहीत राहतं. जालन्यात तयार होणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर वाणाच्या नावाची चौकट अपुरी पडली आणि नाव खालच्या उगवणशक्तीच्या आकड्यावर छापलं गेलं, तर आकडा वाचता येणार नाही. मेमरीतही तसंच शेजारचं पुसलं जातं. कर्नलच्या मेमरीत शेजारी एखाद्या फंक्शनचा पत्ता असू शकतो आणि तो बदलता आला की हल्लेखोराला आख्खं यंत्र मिळतं.

दुसरं स्ट्र-एन-कॉपी. याला जागेचा आकार सांगता येतो, म्हणून ते सुरक्षित असेल असं वाटतं. पण ते जुन्या युनिक्समधल्या ठरावीक मापाच्या रकान्यांसाठी घडलेलं आहे, जसं फाइलीच्या नावाचा १४ बाइटांचा रकाना. मजकूर लांब असेल तर ते शेवटचं शून्य लिहीतच नाही. मजकूर आखूड असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरतं.

तिसरं, स्ट्र-एल-कॉपी, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९८च्या सुमारास आणलं. ते शून्य नेहमी लिहितं. मात्र परत देतं मूळ मजकुराची पूर्ण लांबी, आणि ती काढायला मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो. पंधराच बाइट हवे असताना ते हजार वाचेल; मुळातच शून्य नसेल तर मर्यादेपलीकडे वाचत जाईल.

२०१५ साली क्रिस मेटकाफ यांचं स्ट्र-एस-कॉपी कर्नलच्या ४.३ आवृत्तीत आलं. ते जागेपुरतंच वाचतं, शून्य हमखास लिहितं, मजकूर मावला तर उतरवलेले बाइट किती ते सांगतं आणि कापावा लागला तर उणे ७ परत देतं. उणे ७ म्हणजे ‘फार मोठं’ हा कर्नलचा ठरलेला त्रुटी-क्रमांक.

ते स्वीकारतानाच लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी बजावलं होतं की जुनी फंक्शनं सरसकट बदलणारे पॅच आपल्याला नकोत, कारण क्षुल्लक दिसणाऱ्या बदलांच्या अशा रांगेतच कुणीतरी चूक करतं. मला हा इशारा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. समजा, एका ड्रायव्हरमध्ये ‘लांबी’ नावाचा आकडा आहे आणि प्रत्येक तुकडा जोडला की स्ट्र-एल-कॉपीचं उत्तर त्यात मिळवलं जातं. तिथे फक्त नाव बदलून स्ट्र-एस-कॉपी लिहिलं, तर सगळं मावतं तोवर काहीच बिघडत नाही. एखादा तुकडा कापला गेला की लांबीत उणे ७ मिळतात, पुढचा तुकडा सात घरं मागे जाऊन लिहिला जातो आणि आधीचा मजकूर बिघडतो. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून बदलायचं असतं ते नाव, आणि वाचायचं असतं ते त्या उत्तरावर विसंबलेल्या प्रत्येक ओळीचं म्हणणं.

स्ट्र-एन-कॉपीचं काम याहून अवघड, कारण एकाच नावाआड तीन वेगवेगळे हेतू असतात. काही ठिकाणी फक्त शून्याने संपणारा मजकूर हवा असतो. तिथे स्ट्र-एस-कॉपी पुरतं. काही ठिकाणी उरलेली जागा शून्यांनी भरणं अत्यावश्यक असतं, कारण ते आख्खं स्ट्रक्चर पुढे वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिलं जातं आणि न भरलेल्या जागेतून कर्नलच्या मेमरीतली जुनी माहिती बाहेर पडू शकते. त्यासाठी स्ट्र-एस-कॉपी-पॅड आहे. प्रोसेसचं नाव लिहिणाऱ्या कोडमध्येही स्ट्र-एल-कॉपीच्या जागी पुढे हेच आलं. तिसऱ्या ठिकाणी हार्डवेअरचा ठरावीक मापाचा रकाना असतो आणि तिथे शून्य नकोच असतं. त्यासाठी स्ट्र-टू-मेम.

या फंक्शनांना कोडमध्ये मारलेली एकेक हाक वाचत, बदलत, तपासत हे काम चाललं. कर्नल-विकासक केस कुक यांनी ते नेटाने पुढे रेटलं आणि मार्च २०२४मध्ये आलेल्या ६.८ आवृत्तीत स्ट्र-एल-कॉपी कर्नलमधून काढून टाकलं गेलं. त्याच वर्षी स्ट्र-एस-कॉपीला आकार न सांगताही वापरायची सोय झाली. उतरवून घ्यायची जागा खरोखरची अ‍ॅरे असेल तर आकार आपोआप घेतला जातो. पॉइंटर असेल तर कंपायलर तिथेच अडवतो. पूर्वी पॉइंटरचा आकार विचारला की ६४-बिट यंत्रावर निमूट ८ मिळायचे आणि मजकूर सात बाइटांवर कापला जायचा.

कॉलेजातल्या एखाद्या मुला-मुलीला कर्नलमध्ये पहिलं पाऊल टाकायचं असेल, तर असा एक बदल हाताळण्याजोगा आहे. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट जुन्या हाकांवर बोट ठेवते. त्यातली एकच हाक घ्यायची. मजकूर कुठून येतो, तो पुढे कोण वाचतं, परत आलेला आकडा कुणी वापरतं का, हे शोधायचं. मग तो ड्रायव्हर कंपाइल करायचा आणि पॅचसोबतच्या टिपणात कारणं लिहायची: हे नाव पुढे मजकूर म्हणून छापलं जातं, त्यामुळे शून्य हवंच; ही मेमरी मागतानाच शून्यांनी भरलेली मिळते आणि तीत नाव एकदाच लिहिलं जातं, त्यामुळे वेगळं भरायची गरज नाही. देखभाल करणारा आधी हे टिपण वाचतो, आणि बदल एका ओळीचा असला तरी टिपण बहुतेकदा दहा ओळींचं असतं.