शांत दिसतो म्हणून माणसाळला?

डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाकडच्या बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून 11 साप निघाले. त्यातले 9 बॉल पायथन होते. 2025 मध्ये डोंबिवलीच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटवर वनविभागाने छापा घातला, तेव्हा ओरांगउटानच्या पिल्लासोबत विदेशी सापही हाती लागले. आपल्याकडे पावसाळ्यात साप घरात शिरायचे. आता ते विमानानेही येतात, आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. लांबी साधारण चार ते पाच फूट. विकणारा हमखास सांगतो, 'एकदम शांत आहे, हातात घ्या!' आणि खरंच, हातात घेतला की तो डोकं वेटोळ्यांच्या आत दडवून गोळा होऊन पडतो. घेणाऱ्याला वाटतं, लाजाळू आहे बिचारा. प्रत्यक्षात तो भेदरलेला असतो. शत्रू समोर आला की रानात तो हेच करतो. त्याच्या ज्या गुणावर बाजार चालतो, तो गुण म्हणजे त्याची भीती आहे.

कुत्रा माणसाळला त्यामागे हजारो वर्षांची निवड आहे. सापाच्या बाबतीत तसं काहीच झालेलं नाही. तो फार तर सरावतो: हा वास, हा स्पर्श धोक्याचा नाही, एवढं शिकतो. मांडीवर येऊन विसावतो तो मांडीच्या उबेसाठी. 1980 मध्ये पुण्यात सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास राहिले. ते साप पाळीव नव्हते. डिवचलं नाही तर साप उगाच चावत नाही, हेच त्यांना दाखवायचं होतं.

म्हणून नवा साप घरी आला की पहिलं काम म्हणजे त्याला हात न लावणं. निदान आठवडाभर पाणी बदलायचं, पेटी साफ ठेवायची आणि बाजूला व्हायचं. फोटो नंतर काढता येतात. पेटीत अंग चोरून बसता येईल अशा दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच ठेवली तर त्याला ऊब किंवा आडोसा यातलं एकच मिळतं. पेटी स्पीकरशेजारी नको. साप जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचवतो, आणि गणपतीच्या दहा दिवसांत आपल्याकडे कंपनांना काय तोटा!

तापमानाचं गणित मात्र चुकवून चालत नाही. उबदार टोक 31-32 अंश सेल्सिअस, थंड टोक 25-26. सापाच्या शरीराला स्वतःची भट्टी नाही. ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात सडतो आणि साप तो ओकतो. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे हीटर लागतो, तर एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये पेटी तापून साप मरू शकतो. जुलैत वेगळंच दुखणं: पेटी सतत ओली राहिली, हवा खेळली नाही, की श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून, शीळ घातल्यासारखा श्वास घेणारा साप रागावलेला नसतो, आजारी असतो.

अजगराचं जेवण हा तर शरीरशास्त्रातला चमत्कारच. ब्रह्मी अजगरावरच्या प्रयोगांत मोठ्या जेवणानंतर चयापचयाचा वेग विश्रांतीच्या तुलनेत 40 पटींहून वर गेलेला आढळला. आतडं एक-दोन दिवसांत दुप्पट जड होतं, आणि 2005 च्या एका अभ्यासात हृदयाच्या जवनिकेचं वजन 48 तासांत 40 टक्के वाढल्याचं दिसलं. जेवण पचलं की सगळं पुन्हा आक्रसतं. एवढी उलथापालथ आत चालू असताना त्याला उचलून पाहुण्यांना दाखवणं म्हणजे छळ. खाल्ल्यावर किमान दोन दिवस त्याला हात लावू नये. एरवीही हाताला उंदराचा वास असेल तर तो हात त्याच्या लेखी उंदीरच. जाणते लोक आधी साप उचलायच्या हुकने अंगाला हलका स्पर्श करतात, म्हणजे 'हे खाणं नव्हे' हे त्याला कळतं. आणि अजगर आठ फुटांच्या पुढे गेला की एकट्याने उचलायचा नाही.

घेणारा सहसा वय विचारत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 2020 मध्ये सुमारे 62 वर्षांच्या एका बॉल पायथन मादीने 7 अंडी घातली, तीही कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना. कॉलेजात असताना घेतलेला साप निवृत्तीपर्यंत सोबत राहू शकतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपला भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळला तर तीन ते सात वर्षं तुरुंगवास. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या विदेशी प्रजातींची 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. कागद नसलेला साप घेऊच नये.

आणि घेऊन बसलात, तो झेपेनासा झाला, तर रात्री ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेऊन सोडू नका. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळलेले ब्रह्मी अजगर असेच मोकळे झाले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे रॅकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. बॉल पायथन तितका मोठा होत नाही, पण त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि रोग आपल्या सापांना लागू शकतात. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. प्रश्न अवघडच विचारतील, तरी तिथेच फोन लावा.