तिरप्या अक्षराचा प्रश्न

मराठी मजकुरात तिरपा शब्द दिसला, की माझी नजर आधी शिरोरेषेवर जाते. रेषा आडवी सरळ, आणि तिला लटकलेले दंड मात्र वाऱ्याने झुकलेल्या ज्वारीसारखे. संगणकाने उभे अक्षर ढकलले, एवढेच तिथे घडलेले असते. रोमन लिपीतले इटालिक असे जन्मलेले नाही.

१५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने व्हर्जिलच्या कविता हातात मावेल अशा छोट्या पुस्तकात छापल्या. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने खिळे कोरले ते त्या काळच्या विद्वानांचे जलद हस्ताक्षर समोर ठेवून. म्हणून रोमन ‘ए’चे छोटे अक्षर इटालिकमध्ये नुसते झुकत नाही, दुमजली असते ते एकमजली होते. अक्षराच्या टोकाशी जे सेरिफ, म्हणजे बारीक पाय असतात, तेही लेखणी टेकता-उचलताना पडणाऱ्या आकड्यांसारखे होतात. गंमत म्हणजे ग्रिफ्फोची मोठी अक्षरे उभीच होती. आणि तेव्हा अख्खे पुस्तक या ठशात छापत. एखाद्या शब्दावर भर देण्याचे, ग्रंथनाम वेगळे दाखवण्याचे काम त्याला पुढे मिळाले.

आपल्याकडे असे जलद हस्ताक्षर नव्हते का? होते. मोडी. आधी कागदभर शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही तिने ठेवला नाही. श्रीरामपूरला विल्यम कॅरेच्या मराठी व्याकरणात १८०५ साली देवनागरी खिळे वापरले, तर १८१०च्या कोशात मोडी. पण पुढे पुस्तकांनी बाळबोध धरली, मोडी दप्तरात आणि चोपड्यांत राहिली. घाईचा हात आणि छापील ठसा यांची इटलीत पडली तशी गाठ इथे पडलीच नाही, असे माझे मत आहे.

त्यात खिळ्याचे अंग चौकोनी. अक्षर तिरपे कोरले तर मात्रा शेजारच्या अंगावर जाणार. पडद्यावर ती अडचण उरली नाही, तरी चाकूरला हाती येणाऱ्या लग्नपत्रिकांत वधूवरांची नावे तिरपी केली की रफार आणि अनुस्वार शेजारच्या अक्षराचे वाटू लागतात. शिवाय देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट कोनात तासतात. जाड-बारीक रेषांची चालच निराळी. रोमनचा कल तिला मानवत नाही. भर द्यायला ठळक ठसा आहे, ग्रंथनामाला एकेरी अवतरण आहे. ढकललेल्या अक्षरापेक्षा ते बरे.

२०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. जुन्या कागदांसाठी ते योग्यच. घरात जमिनीचे मोडी कागद आहेत आणि वाचणारे कोणी नाही, अशी कुटुंबे मराठवाड्यात थोडी नाहीत. पण देवनागरीचा खरा जोडठसा कोणी काढणार असेल, तर त्याने कलाचा कोन मोजण्याआधी हे कागद पुढ्यात घ्यावेत आणि हात न उचलता अक्षरातून काना कसा निघतो ते बघावे.