बोंडअळीची उत्क्रांती

उत्क्रांती हा शब्द उच्चारताच सुशिक्षित मनुष्याच्याही डोळ्यांपुढे नामशेष झालेले डायनोसॉर, नाहीतर जिराफाची मान उभी राहते. सृष्टीतील ती उलथापालथ केव्हाच आटोपली आणि आता सर्व जीवजाती आपापल्या रूपात स्थिरावल्या, असा समज शाळा-महाविद्यालयांतूनही आढळतो. तो किती चुकीचा आहे हे पाहण्यासाठी अमरावती-अकोल्याच्या शेतातील कपाशीचे एखादे किडके बोंड फोडणे पुरेसे आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस आपल्या देशात परवानगी मिळाली. मातीतील एका जीवाणूचे जनुक तिच्यात घातलेले असल्यामुळे अळीला मारक असे प्रथिन झाडच तयार करू लागले. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेले वाण आले. गुलाबी बोंडअळी काही वर्षे क्वचितच दिसे. परंतु २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्या सापडल्या; पुढे दुसरेही निष्प्रभ ठरू लागले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील उभी पऱ्हाटी कास्तकारांच्या डोळ्यांदेखत किडली. अवघी पंधरा वर्षे!

अळीला विषाची सवय झाली, असे पारावर बोलले जाते. हा 'सवय' शब्द फसवा आहे. कोणतीही अळी विष पचवायला शिकत नाही. असंख्य अळ्यांत एखादीच्या आतड्यात जन्मतःच असा फरक असतो की ते प्रथिन तेथे नीट चिकटत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते, तिचा पतंग होतो आणि तोच वारसा पुढे जातो. एका हंगामात चार-पाच पिढ्या, आणि अन्न बहुतांशी कपाशीच. मग ही निवड किती झपाट्याने होईल, हे सांगावयास नको. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

हे घडू शकते, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. म्हणूनच बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची १२० ग्रॅमची पुडी दिली जात असे. ती शेताभोवती पेरली असता विष न सोसणाऱ्या अळ्याही तेथे जगतात. त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचे मीलन होते आणि त्यांची संतती बहुधा विषाला बळी पडते. अमेरिकेतील ॲरिझोनात ही शिस्त पाळली गेली, पुढे जोडीला वंध्य पतंगही सोडले गेले, आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे ती पुडी बहुधा न पेरताच राहिली. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराने शेताचा एक भाग किडीच्या हवाली करावा, ही अपेक्षा होती. पण तिचे कारण त्याला कोणी धड समजावून सांगितले होते काय?

हंगाम डिसेंबरअखेर आटोपावा, फरदड घेऊ नये, असा सल्ला अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ देते. पिकात खंड पडला की अळीची उपासमार होते. मात्र विहिरीला पाणी आणि बाजारात भाव असला की पऱ्हाटी फेब्रुवारीपर्यंत उभी राहते, आणि तिच्या शेवटच्या बोंडांत विष पचवणाऱ्या अळीची आणखी एक पिढी वाढते.