निदर्शनाला जाताय? आधी व्हिसा आठवा

गेल्या भागात अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेचे, म्हणजे ‘आइस’चे, अधिकारी दाराशी आले तर काय करायचं ते पाहिलं. आता रस्त्यावर येऊ.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘आइस’च्या धाडी पडल्या, लोक चिडून बाहेर आले आणि ट्रम्प यांनी राज्यपालांचा विरोध डावलून नॅशनल गार्ड उतरवले. मागोमाग सुमारे ७०० मरीन आले, शहराच्या मध्यभागात रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. त्याच वर्षी शिकागोच्या वस्त्यांमध्ये शिट्ट्या वाटल्या गेल्या; ‘आइस’ची गाडी दिसली की शिट्टी फुंकायची. अशा गर्दीत एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्या पुण्या-नाशिकच्या मुलाने उभं राहावं का?

कायदा नाही म्हणत नाही. हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियन कामगार पुढाऱ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ सालीच सांगितलं की तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे. अडचण पुढे आहे. पांगण्याचा हुकूम मोडला म्हणून पकडलेला अमेरिकन नागरिक बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घरी असतो, आरोपही मागे घेतला जातो. व्हिसावाल्याच्या मागे मात्र अटकेची नोंद राहते. गुन्हा शाबीत झाला नसला तरी तेवढ्यावरून व्हिसा रद्द होऊ शकतो. पुढच्या व्हिसा-अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न असतोच, आणि तिथे खोटं लिहिणं अटकेपेक्षा महागात पडतं. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेविस’ या सरकारी विद्यार्थी-नोंदप्रणालीतल्या नोंदी अचानक बंद झाल्या. त्यांतल्या काहींचा पोलिसांशी आलेला संबंध वाहतुकीच्या चुकीपुरताच होता. खटले भरले गेले तेव्हा कुठे एप्रिलअखेरीस नोंदी परत सुरू होऊ लागल्या.

म्हणून माझं मत असं: जायचं असेल तर जरूर जा, पण कडेला उभे राहा आणि बाहेर पडायचे दोन रस्ते आधी पाहून ठेवा. लाउडस्पीकरवरून पांगण्याचा हुकूम आला की निघा. त्यानंतरही थांबायचं की नाही हा नागरिकांनी करायचा विचार आहे. मित्र भित्रा म्हणतील, म्हणू द्या.

अश्रुधुराबद्दल गैरसमज फार. तो खरं तर वायू नसून बारीक भुकटी असते आणि तेलकट कातडीला चिकटते. व्हॅसलीन किंवा तेलकट क्रीम लावून जाऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, चष्मा लावा. धूर आला की वाऱ्याची दिशा बघून बाजूला व्हा. डोळे चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा. दुधाचा उपाय सोडून द्या. जमिनीवर पडलेल्या नळकांड्याला हात लावू नका, ते भाजण्याइतकं तापलेलं असतं. दमा असेल तर पंप खिशात हवाच, आणि खरं सांगायचं तर जाऊच नये.

फोनचं बोटाच्या ठशाने आणि चेहऱ्याने उघडणं बंद करा, आकडी पासकोड ठेवा. पकडलेल्याचा फोन तपासायला पोलिसांना सहसा वॉरंट लागतं, हे २०१४ मध्ये ठरलं आहे. विमानतळावर मात्र हा नियम पुरत नाही. पोलिसांचं चित्रण करता येतं, कामात अडथळा न आणता, चार पावलं लांबून.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. आय-९४ या प्रवेश-नोंदीची छापील प्रत किंवा ग्रीन कार्ड सोबत हवं. वकिलाचा नंबर मात्र मार्करने हातावर लिहा, कारण पकडल्यावर फोन काढून घेतात. भडक हिरव्या टोप्या घातलेले नॅशनल लॉयर्स गिल्डचे निरीक्षक दिसले तर त्यांना ओरडून पूर्ण नाव सांगा. ते टिपून ठेवतात. आत गेल्यावर नाव खरं सांगा, बाकी गप्प राहा, वकील मागा, न समजलेल्या कागदावर सही करू नका. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा, असंही स्पष्ट सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो तुमचा हक्क आहे. फौजदारी खटल्यात ऐपत नसेल तर सरकार वकील देतं, इमिग्रेशनच्या खटल्यात देत नाही. तो खर्च घरच्यांवर येतो, तेव्हा निघण्याआधी त्यांना फोन करा.

पुढच्या भागात: पकडलेला माणूस कोणत्या केंद्रात ठेवलाय, हे ए-नंबरवरून, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेल्या क्रमांकावरून, कसं शोधायचं.