नाणेफेक आणि शस्त्रक्रिया

जिभेचा किंवा गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग लवकर लक्षात आला, तर तोंडातली गाठ कापून काढतात. याबद्दल फारसा वाद नाही. वाद होता तो मानेविषयी. तोंडातल्या कर्करोगाच्या पेशी सहसा प्रथम मानेतील लसिका ग्रंथींत शिरतात. पण तपासताना मानेत काहीच सापडत नसेल, तर या ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात का? की रुग्णाला वरचेवर तपासत राहून, गाठ आली तरच मानेला हात घालावा?

दोन्ही मतांना आधार होता. अशा बऱ्याच रुग्णांच्या मानेत रोग पोचलेलाच नसतो. त्यांची मान विनाकारण उघडली जाणार. शिवाय खांद्याकडे जाणारा मज्जातंतू दुखावला, तर हात वर उचलणे कठीण होते. ओझी वाहणाऱ्या माणसाला ही किंमत लहान नाही.

मग रुग्णालयाच्या जुन्या नोंदी काढून मोजले की झाले, असे आपल्याला वाटेल. फसगत होते ती इथेच. शाळेतले उदाहरण घेऊ. जादा तासाला बसणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळाले, तर ते तासामुळेच असे म्हणता येईल का? मुळात अभ्यासू मुलेच तिथे आली असतील. शल्यचिकित्सकही कोणावर शस्त्रक्रिया करायची हे रुग्ण पाहून ठरवतो. असे ठरवणे योग्यच आहे, पण त्यामुळे दोन गटांची तुलना बिघडते.

यावर उपाय म्हणजे नाणेफेक! मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात तो केला. रुग्णांची संमती घेऊन, कोण कोणत्या गटात जाणार हे दैवावर सोपवले. ऐकायला हे निर्दय वाटते. पण कोणता उपचार चांगला हे खरोखरच कोणाला ठाऊक नसेल, तर चिठ्ठी टाकण्यात अन्याय कसला?

निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. ते पहिल्या 500 रुग्णांचे होते. मानेतील ग्रंथी आधीच काढलेल्या 245 जणांपैकी 50 दगावले; वाट पाहिलेल्या 255 पैकी 79. वर्गात याची शेकडेवारी काढायला सांगावी. सुमारे 20 आणि 31 येईल. मात्र प्रत्येक रुग्ण वेगवेगळ्या दिवशी दाखल झालेला, त्यामुळे कोणाची नोंद दीर्घ तर कोणाची अल्प. ही तफावत जमेस धरून हिशेब केला, तेव्हा तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण 80 आणि 67.5 टक्के आले. फरक 12.5 टक्क्यांचा. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी आधीच काढल्या, तर एक मृत्यू टळतो. वाट पाहिलेल्या गटात मानेतली गाठ हाताला लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे.

म्हणजे लवकर आणि जास्त कापलेले बरे? तसे नाही. याच रुग्णालयातला, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास पाहा. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यावरही स्तनातली मूळ गाठ काढलेल्या स्त्रिया जास्त जगतात, असे जुन्या नोंदींत दिसत होते. डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी अशा 350 स्त्रिया घेतल्या. औषधोपचाराने त्यांचा रोग आटोक्यात आला, आणि मग चिठ्ठीने गट पडले. मूळ गाठीवर उपचार झालेल्या गटाच्या आयुर्मानाचा मध्यक 19.2 महिने निघाला, न झालेल्यांचा 20.5. या दोहोंतला फरक योगायोगाने पडावा इतपतच आहे. नोंदींत दिसलेला फायदा सुरीचा नव्हता, निवडीचा होता. मुळात प्रकृती बरी असलेल्या स्त्रियांवरच शस्त्रक्रिया होत आली होती. गाठ फुटून जखम चिघळली किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर त्या त्रासापुरती शस्त्रक्रिया अर्थातच आजही करावी लागते.