वांग, काळे डाग आणि 'आठ दिवसांत गोरं' करणारी ट्यूब



या पेजवर आपण नेहमी डिझेल, जाळी, लायसन आणि बंदीच्या तारखा यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण घराघरातला आहे. तोंडावरचे काळे डाग. आपण त्याला वांग म्हणतो, डॉक्टर मेलास्मा म्हणतात.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, चोपडे, कुठेही बघा. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या, खारं सुकवणाऱ्या, बाजारात उन्हात पाटी घेऊन बसणाऱ्या भगिनींच्या गालावर हे डाग दिसतात. डिचोलीकडे नदीत मासेमारी करणाऱ्या आणि उन्हाळ्यात काजूच्या बागेत जाणाऱ्या घरांतही तेच. पुरुषांनाही वांग येतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

डागाने जीवाला धोका नसतो. धोका असतो तो डाग घालवायला आणलेल्या ट्यूबमध्ये. म्हणून हा लेख शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या बायकांना, मुलींनाही वाचून दाखवा.

वांग येतो कसा?

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. ऊन लागलं की या पेशी जास्त रंग बनवतात, कारण तो रंग म्हणजे कातडीची छत्री. रापण ओढणारा माणूस सगळाच रापतो, आणि ऊन कमी झालं की हळूहळू मूळ रंगावर येतो. वांगात तसं होत नाही. काही ठिकाणच्या पेशी जास्तच चाळवतात आणि तिथेच रंग साठत राहतो. म्हणून दोन्ही गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ इथे तपकिरी चट्टे उठतात. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच. खाज नाही, दुखत नाही.

कारणं एकापेक्षा जास्त असतात:

१) ऊन. हे सगळ्यात मोठं कारण.
२) बाईच्या शरीरातले हार्मोन. गरोदरपणात वांग येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनीही येऊ शकतो. गरोदरपणातला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचा फिका होतो.
३) घराणं. आईला किंवा बहिणीला असेल तर आपल्याला येण्याची शक्यता जास्त.
४) उष्णता. चुलीची, भट्टीची धग सतत तोंडावर लागली तर वांग वाढू शकतो.

आता काय कारण नाही तेही सांगतो. वांग मासे खाऊन येत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने डाग येतात हेही खरं नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेमुळे येत नाही, त्यामुळे तोंड घासून घासून धुतल्याने जात नाही. उलट घासल्याने कातडी दुखावते आणि डाग गडद होतो.

दर्यावर ऊन दुप्पट का लागतं?

आपण म्हणतो, 'मी तर छपराखाली बसतो.' पण किनाऱ्यावर ऊन फक्त वरून येत नाही. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीला तेच लागतात. सुक्या वाळूवरून त्यातले सुमारे १५ टक्के परत उसळतात, लाटेच्या फेसावरून सुमारे २५ टक्के. म्हणजे टोपी घातली तरी खालून हनुवटीला आणि गालाला मार बसतोच.

दुसरी गोष्ट ढगांची. आभाळ पातळ ढगांनी झाकलेलं असलं तरी ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण त्यातून खाली येऊ शकतात. वारा गार असतो म्हणून चटका जाणवत नाही, पण काम चालूच असतं. सकाळी १० ते दुपारी ४ हा सगळ्यात वाईट वेळ. आपला बाजार, जाळी वाळवणं, मासे पसरणं नेमकं याच वेळात.

ट्यूबची गोष्ट

दुकानात जाऊन 'डागावर काहीतरी द्या' म्हटलं की बऱ्याचदा एक छोटी ट्यूब हातात येते. आठ-दहा दिवसांत तोंड उजळतं. शेजारीण विचारते, तिलाही तीच ट्यूब मिळते. अशी एक ट्यूब अख्ख्या वाड्यावर फिरते.

या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. मागे बारीक अक्षरात ही नावं शोधा: बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. ही औषधं वाईट नाहीत. इसबासारख्या त्रासात डॉक्टर कुठे, किती दिवस ते ठरवून देतात. पण तोंडावर महिनोन्‌महिने चोळली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या तोंडावर केस वाढतात. ट्यूब बंद केली की आग होते आणि डाग पहिल्यापेक्षा काळा होऊन परत येतो. मग माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावतो. हे व्यसनासारखंच. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ साली अशा १४ स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली.

ज्यांनी अशी ट्यूब बरेच महिने लावली आहे त्यांनी ती एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि फेकूनही देऊ नये. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतील.

दुसरा प्रकार याहून भयंकर. ब्यूटी पार्लरमध्ये, बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी, कंपनीचा पत्ता नसलेली, लेबल नसलेली गोरेपणाची क्रीम. त्यातल्या काहींत पारा असतो. पारा रंग बनवणं थांबवतो म्हणून तोंड लवकर उजळतं, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनी बिघडवतो.

हे लांबचं नाही. महाराष्ट्रात अकोल्याला एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशा क्रीममुळे बिघडल्याचं २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांत आलं. मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपास केला तेव्हा पाऱ्याचा पत्ता लागला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पाय सुजणं आणि लघवीला फेस येणं ही अशा आजाराची लक्षणं. क्रीम लावणाऱ्या कुणाला असं होत असेल तर त्याच दिवशी क्रीम बंद करून डॉक्टर गाठा.

पारा काय करतो हे मच्छीमारांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. जपानमध्ये मिनामाता नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या कारखान्याने खाडीत पारा सोडला, तो माशांत गेला, माशांतून माणसांत. १९५६ साली आजार उघड झाला. त्यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती मासेमारी करणारी घरं. त्या गावाच्या नावानेच २०१३ साली पाऱ्याविरुद्ध जगाचा करार झाला आणि त्यात पारा घातलेल्या क्रीमही आल्या. जे विष दर्यात नको म्हणून जग एकत्र आलं, ते आपण पैसे देऊन तोंडाला का लावायचं?

घरगुती उपाय

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि नवा काळा डाग पडतो. सोडा, टूथपेस्ट, ब्लीच यांचंही तसंच. काजूच्या सिझनमध्ये बी भाजताना किंवा फोडताना सालीतलं तेल उडतं, त्याने फोड येऊन काळे डाग राहतात. तो वांग नव्हे. तेव्हा हातमोजे घाला आणि तोच हात तोंडाला लावू नका. टिकलीच्या गोंदाने किंवा केस काळे करण्याच्या रंगाने डाग येत असेल तर ती वस्तू बदलून बघा.

खरा उपचार काय?

पहिला उपचार म्हणजे ऊन अडवणं. याशिवाय कुठलंही औषध टिकत नाही. बुडाला भोक असलेल्या होडीतलं पाणी कितीही उपसलं तरी उपयोग नाही, तसंच हे.

● रुंद काठाची टोपी, तोंडाभोवती सुती फडका किंवा ओढणी, पूर्ण बाह्या.
● विक्रीला बसणाऱ्यांनी मोठी छत्री. होडीवर ताडपत्रीची सावली.
● सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ लिहिलेलं, पाण्याने न जाणारं. तोंड आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, आणि दर दोन तासांनी किंवा घाम-पाणी पुसल्यावर परत.
● वांगाला नुसता दिसणारा उजेडही वाढवतो. म्हणून कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त चांगलं.

दुसरा उपचार डॉक्टरच्या चिठ्ठीने. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टिरॉइड अशी तिहेरी क्रीम डॉक्टर ठरावीक आठवडेच देतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर कातडी कायमची निळसर-काळी पडू शकते. ॲझेलेइक ॲसिड हे त्यामानाने सौम्य औषध. काहींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात, पण ज्यांच्या रक्तात कधी गाठ झाली आहे त्यांना त्या चालत नाहीत. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावं, कारण ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन तेव्हा लावत नाहीत. लेझर आणि पीलिंग सावळ्या कातडीवर जपून करावं लागतं, चुकलं तर डाग वाढतो.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. वांग पूर्ण जाईलच असं नाही, फिका होतो आणि ऊन लागलं की परत येऊ शकतो. आठ दिवसांची खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सुरुवात कधी करावी? माझ्या मते १ जून ते ३१ जुलै, बंदीच्या दिवसांत. होड्या किनाऱ्याला असतात, ऊन कमी असतं, इस्पितळात जायला वेळ मिळतो. ऑगस्टला दर्यावर परत जाईपर्यंत सनस्क्रीनची सवयही होते.

हे डाग वांग समजून थांबू नका

▸ फिका किंवा लालसर चट्टा, ज्यावर टोचलेलं कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.
▸ मानेवर, काखेत जाड, मखमली काळेपणा. साखर तपासून घ्या.
▸ गालावर लाल चट्टा, सोबत सांधेदुखी आणि ताप.
▸ वाढणारा, रंग बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखम.
▸ अंग काळवंडणं, सोबत अशक्तपणा आणि वजन घटणं.

आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. पेडणेकरांना पेडणे किंवा तुये, डिचोलीकरांना डिचोली. गरज पडली तर तिथून बांबोळीला गोमेकॉच्या त्वचारोग विभागात पाठवतात. वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या, लाजू नका.

लग्न ठरलेल्या मुलींच्या आईवडिलांना एवढंच सांगणं: रंग उजळायच्या घाईत लेकीची किडनी पणाला लावू नका. सावळं तोंड हा आजार नाही. वांगाला उपचार आहे, तो सावकाश होतो.

हा लेख आपल्या वाड्यावरच्या ग्रुपवर पाठवा.

आपला,
सचिव