मोहोरावर माश्या दिसतात? फवारणीआधी हे वाचा



सध्या बऱ्याच बागांत हापूसचा मोहोर फुललाय. हवा ढगाळ झाली की आपण भुरीसाठी बुरशीनाशक काढतो आणि "जोडीला असू दे" म्हणून त्याच टाकीत कीटकनाशकही ओततो. फुललेल्या मोहोरावर हे महागात पडतं.

आंब्याच्या मोहोरात बरीचशी फुलं नर असतात. फळ धरतं ते संयुक्त फुलाला, तेही पराग पोचला तरच. हा पराग वाऱ्याने फारसा जात नाही, कीटकच नेतात. आंब्यावर या कामात माश्यांचा वाटा मोठा: घरमाशी, हिरवी-निळी चकाकणारी माशी, फुलाजवळ जागच्या जागी तरंगणारी पट्टेवाली माशी. शिवाय सातेरी मधमाशी आणि डंख न मारणारी बारकी काळी मधमाशी. कीटकनाशकाने तुडतुड्यांबरोबर हेही मरतात.

या माश्या म्हणजे फळमाशी नव्हे. फळमाशी तयार होत आलेल्या फळात अंडी घालते. तिच्यासाठी रक्षक सापळे वेळेवर लावायचेच.

काय करायचं?

१. तुडतुड्यांची फवारणी मोहोर फुलण्याआधीच उरका.
२. मोहोर फुलला असेल तर आधी तो हलवून बघा. तुडतुडे नसतील, फक्त भुरी असेल, तर नुसतं बुरशीनाशक घ्या.
३. तुडतुडे जास्त असतील तर आधी फोटो पाठवा, औषध विचारून घ्या. फवारणी संध्याकाळीच. सकाळी फुलं उमलतात, तेव्हाच कीटक कामावर असतात.
४. बांधावरची तुळस, रानफुलं तणनाशकाने जाळू नका. झाडाच्या ढोलीतली, गडग्यातली मधमाश्यांची घरं मोडू नका.
५. काही जण माश्या याव्यात म्हणून बागेत सुकी मासळी टांगतात. पण वरून कीटकनाशक मारलं तर बोलावलेल्या माश्या आपणच मारतो.

मोहोराची सगळी गळ परागीकरणाअभावी होत नाही, पुष्कळ फुलं निसर्गतःच गळतात. पण जे फळ धरणार, त्याला कीटक लागतोच.

उद्या सकाळी ८ ते १० मध्ये एका कलमाखाली पाच मिनिटं थांबा. मोहोरावर किती माश्या, मधमाश्या येतात ते मोजा आणि गावाच्या नावासह ग्रुपवर कळवा. फवारणीचं त्यानंतर ठरवू.